पेशकारांचा डहाळा

निजामाच्या अमलात जालन्याच्या तहसील कचेरीत श्रीपतराव पेशकारांचा आवाज आधी पोचायचा आणि मग ते स्वतः. तहसीलदारसाहेबांच्या डाव्या हाताला बसून मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, वाचायच्या, एवढंच त्यांचं काम. पण "आगे बढो!" असं ते अशा काही ढंगात म्हणायचे, की वादी तर पुढं यायचाच, प्रतिवादीही यायचा, आणि बाहेर लिंबाखाली भाकर खात बसलेला तिसऱ्याच खटल्यातला साक्षीदार हातातला घास टाकून उभा राहायचा. मिशाही आवाजाला शोभतील अशा होत्या.

असा माणूस घरी लोकरीचं विणकाम करतो, हे कुणी सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच मिशनच्या दवाखान्यात नेऊन टाकलं असतं. गंमत अशी, की या भानगडीची सुरुवात त्याच दवाखान्यात झाली.

त्या साली पोळ्याच्या दिवशी नवीन जालन्याहून परतताना श्रीपतरावांचा टांगा उलटला आणि डावा पाय मोडला. सहा आठवडे खाटेवर. पहिल्या आठवड्यात त्यांनी दवाखान्याची कचेरी करून टाकली. औषधाची वेळ झाली, की "सात नंबर, हाजिर!" अशी आरोळी ठोकायचे आणि सात नंबरच्या अंगात नव्यानं ताप भरायचा. शेवटी तिथल्या म्हाताऱ्या गोऱ्या सिस्टरनं त्यांच्या हातात दोन सुया आणि निळ्या लोकरीचा गुंडा ठेवला. म्हणाली, "मुँह बंद, हाथ चालू."

रागानं त्यांनी चार टाके घातले. मग पाचवा कसा पडतो ते बघावं म्हणून पाचवा घातला. तिसऱ्या दिवशी हातभर पट्टी झाली आणि दवाखान्यात शांतता. डॉक्टरांनी "पाय बरा झाला, घरी जा" म्हणून सांगितलं तेव्हा ओळ अर्धी होती. ती पुरी होईपर्यंत पेशकार खाटेवरून हलले नाहीत.

घरी आल्यावर प्रश्न पडला तो जागेचा. ओसरीवर पक्षकार, माजघरात पाहुणे. राहिलं देवघर. लोकर सोवळ्यात चालते, तेव्हा शास्त्राची आडकाठी नव्हती. सिस्टरनं सुया परत घेतल्या होत्या, म्हणून छत्रीच्या दोन काड्या काढून, घासून सुया केल्या. तेव्हापासून त्यांची छत्री एका बाजूनं मान टाकून चालायची. जपाच्या गोमुखीत लोकरीचा गुंडा, अंगावर सोवळ्याची लोकरी धाबळी, दार अर्धं लोटलेलं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. बाहेरच्याला नुसतं टिकटिक ऐकू यायचं.

"माळ लई घट्ट मण्यांची दिसती," शेजारी म्हणायचे.

महिनाभरात पेशकारांच्या साधनेचा बोलबाला झाला. जांब समर्थहून एक गृहस्थ प्रवचनाचं आमंत्रण घेऊन आले आणि देवघराच्या दाराशी हात जोडून उभे राहिले. आतून आवाज आला, "बावन्न... त्रेपन्न... चौपन्न..." गृहस्थ पाऊण तास थांबले आणि दारालाच नमस्कार करून निघून गेले. आत स्वेटरची पाठ चालू होती.

हे सगळं एकट्या शरयूबाईंना ठाऊक होतं. त्या श्रीपतरावांच्या पत्नी. लोणची, पापड, चिवडा यांत त्यांचा हात कुणी धरला नसता. पण सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी त्यांना जांभई यायची. तरीही दर बुधवारी त्या वकिलीणबाईंच्या, म्हणजे उमाबाईंच्या, माडीवरच्या विणकाम मंडळात जायच्या. कारण तिथं गावच्या खबरी कळायच्या आणि त्यांच्या चिवड्याची तारीफ व्हायची.

या मंडळाची एक रीत होती. एक लांब पट्टी पत्र्याच्या डब्यात घालून घरोघर फिरायची. ज्या घरी डबा येईल तिथल्या बाईनं त्या पट्टीला चार बोटं आपला नमुना जोडायचा, खाली तांबड्या दोऱ्यानं आपलं नाव घालायचं आणि डबा पुढं धाडायचा. बाकीच्या मग तो नमुना उतरवून घ्यायच्या. पट्टी तोवर पाच हात झाली होती आणि शरयूबाईंनी दोनदा ताप आणून डबा चुकवला होता. तिसऱ्यांदा तो घरात आलाच.

"आता कोणता ताप आणू?" शरयूबाई म्हणाल्या. "मागच्या बारीला मंडळातल्या गोजरबाई काढा घेऊन आल्त्या. तो प्यावा लागला मला!"

"इकडं आण," श्रीपतराव डबा ओढत म्हणाले.

त्यांच्या डोक्यात एक नमुना घोळतच होता. एका टाक्यातून पाच टाके उचलायचे, तेवढेच पाच पुढं-मागं दोनदा विणायचे आणि पुन्हा पाचांचा एक करून टाकायचा. मधे टपोरा फुगा उभा राहतो. हिरव्या लोकरीत असे फुगे देठाला लावत गेलं, की हुबेहूब घाट्यांनी लगडलेला हरभऱ्याचा डहाळा. दोन दिवसांत तो पट्टीवर उतरला. बघून श्रीपतरावांचं त्यांनाच भरून आलं. आणि मग खाली तांबड्या दोऱ्यानं त्यांना स्वतःच्या हातानं नाव घालावं लागलं: 'शरयू.'

पुढच्या बुधवारी शरयूबाई परतल्या त्या फुलून.

"काय म्हणाल्या?" श्रीपतरावांनी देवघरातूनच विचारलं.

"काय म्हणणार? गोजरबाईंनी माझी दृष्ट काढली. म्हणल्या, पोरी, हातात सरस्वती हाय तुझ्या."

"तुझ्या हातात?"

"मंग काय तुमच्या म्हणू?"

त्या दिवशी पेशकार जेवले नाहीत. पंधरा दिवसांत गावातल्या निम्म्या टोपड्यांवर 'शरयूबाईंचा डहाळा' डोलू लागला. रस्त्यानं जाताना श्रीपतराव पोरांच्या टोपड्यांकडं असं टक लावून बघायचे, की आया पोरं पदराखाली घ्यायच्या. इतक्या मिसलींवर त्यांची सही होती. जन्मात एकच गोष्ट त्यांनी आपल्या डोक्यातून काढली, आणि तिच्यावरच नाव नाही. नाव लावावं तर कचेरीत 'आगे बढो'ला कोण भ्यायलं असतं? कारभारी नावाचा चपराशी तर अर्ध्या तासात साऱ्या सदर बाजाराला सांगून आला असता.

मंडळात रहिमुन्निसा बेगमही यायच्या. तहसीलदार अजमतअली साहेबांच्या त्या बेगम. पडद्याच्या टांग्यातून थेट माडीच्या जिन्यापर्यंत. तालुक्याचा कारभार साहेबांकडं होता आणि साहेबांचा बेगमकडं. त्यांनी एक नवा नमुना कागदावर उर्दूत लिहून शरयूबाईंना दिला. "आपा, परसों तक बुनके भेजो ना. तुमच्या हाताला बराबर जमेल."

शरयूबाईंनी 'हौ' म्हणून कागद कमरेला खोचला आणि घरी आल्याबरोबर देवघरात टाकला.

तहसीलदारांच्या घरून लेखी, तेही उर्दूत, वर मुदत घालून. वीस वर्षांच्या नोकरीत श्रीपतरावांनी असा कागद कधी तुंबवला नव्हता. नमुना मुदतीच्या आधी एक दिवस तयार झाला. तिसऱ्या ओळीत एक टाका कमी लिहिला होता, तोही त्यांनी विणताना दुरुस्त केला. कागद आणि नमुना एकत्र घडी करून बेगमच्या घरी रवाना.

बुधवारी शरयूबाई परतल्या त्या पांढऱ्याफटक.

"पुढल्या बुधवारी मंडळ आपल्या घरी हाय. बेगमसाहेब म्हणल्या, डहाळा कसा काढता ते हातानं करून दाखवा."

"मंग दाखव."

"कोणत्या हातानं?"

सहा दिवस देवघरात शिकवणी चालली. पहिल्या दिवशी शरयूबाईंनी पाचाचे नऊ टाके केले. तिसऱ्या दिवशी एकही राहिला नाही. पाचव्या दिवशी जे तयार झालं ते त्यांनी उचलून उजेडात धरलं.

"हे काय?" श्रीपतराव म्हणाले.

"घाटा."

"हा घाटा हाय? हे थालीपीठ हाय, शरयू. मधे भोकसुद्धा पाडलंस!"

"तेच चांगलं येतं मला. मी बायांना खरं सांगून टाकते."

"खबरदार!"

"खबरदार काय? नाव नसलं तर रुसता, सांगते म्हणलं तर ओरडता. एकदा ठरवा तुम्ही काय ते!"

पेशकारांना ठरवता आलं नाही. तेवढ्यात बुधवार उजाडला. त्यांनी कचेरीत पोटदुखीची अर्जी धाडली, देवघरात शिरले आणि दार लोटून घेतलं.

बाया आल्या, बसल्या. चिवडा झाला. मग उमाबाई म्हणाल्या, "चला, शरयूताई, दाखवा आता."

"मनगट लचकलंय हो. काल पाटा उचलताना."

"काढा आणू?" गोजरबाईंनी विचारलं.

"न्हाई! काढा नक्को!"

रहिमुन्निसा बेगम पुढं सरकल्या. त्यांनी पानाच्या डब्यातून एक कागद काढला. "आपा, तुमकू उर्दू आती?"

"न्हाई बाई."

"तो मेरा नमूना पढ्या कोन? उर्दू येते का, न विचारताच मी दिले, माझी चूक झाली. तरी तुम्ही बराबर बुनके भेजे. मेरी गलती भी निकाले." त्यांनी कागद सगळ्यांसमोर धरला. तिसऱ्या ओळीच्या बाजूला तांबड्या शाईत झोकदार अक्षरात काही लिहिलं होतं.

उमाबाईंना वकिलाच्या घरात राहून जुजबी उर्दू यायचं. त्यांनी वाचलं, "'मुलाहिजा हुआ.' म्हणजे तपासलं. 'एक फंदा कम है. दुरुस्त किया गया.' खाली सही. तारीख पाच बहमन, तेराशे सेहेचाळीस फसली."

"ये दस्तखत मैं रोज देखती," बेगम म्हणाल्या. "साहब के हर कागज पे."

देवघरातली टिकटिक एकदम बंद पडली. सवय माणसाला कुठं नेईल! कागद हातात आला, चूक दिसली, की दुरुस्ती, सही, तारीख: हात आपोआप चालला होता आणि पेशकारांना त्याचा पत्ताही नव्हता.

बेगमनं गळा साफ केला आणि कचेरीतल्या पुकाऱ्याच्या सुरात हाक दिली, "श्रीपतराव पेशकार, हाजिर है?"

"हाजिर, हुजूर!" देवघरातून गर्जना आली. मग आतून कपाळावर हात मारल्याचा आवाज.

गोजरबाईंना उचकीच लागली. "आगं बया! म्हणजे मी दृष्ट काढली ती कुणाची?"

हसणं ओसरल्यावर खरी अडचण निघाली. डहाळा तर शिकायचाच होता. पण बेगमचा पडदा. परपुरुषासमोर त्या बसणार कशा? गोजरबाई म्हणाल्या, आपण साऱ्याजणी पडद्याआड बसू. उमाबाईंनी वकिली डोकं चालवलं. "आपण आठजणी. एवढा पडदा आणायचा कुठून? त्यापेक्षा ते एकटे हायेत. त्यांनाच पडद्यात बसवा ना!"

देवघराच्या दाराला वरून खाली धाबळी टांगली. मधे फट ठेवली, तेवढ्यातून दोन केसाळ हात, छत्रीच्या काड्या आणि हिरवी लोकर बाहेर आली. मिशा, पगडी आणि लाज आत राहिली.

सुरुवातीला धाबळीआडून आवाज निघेना. "एक टाका... त्यातून पाच..."

"ऐकू येईना, पेशकारसाहेब," उमाबाई म्हणाल्या.

"अहो, कचेरीतल्यासारखं बोला की," शरयूबाईंनी चिवडा फिरवता फिरवता सांगितलं.

"पाच टाके उचला!" आतून आरोळी आली आणि आठ बायांनी दचकून पाच टाके उचलले. "पलटा! गोजरबाई, तुमचे चार झाले! आगे बढो!"

"याला दिसतं कसं?" गोजरबाई पुटपुटल्या, पण त्यांचे चारच होते.

तासाभरात आठ डहाळे तयार झाले. मग बेगमनं मंडळाच्या पत्र्याच्या डब्यातून पट्टी काढली, 'शरयू'मधला तांबडा दोरा उसवला आणि पट्टी धाबळीच्या फटीत सरकवली. "पेशकारसाहब, जिसका काम उसका नाम. दस्तखत करो. पर सोच लेना. ही पट्टी सगळ्यांच्या घरी जाते. वकीलसाहेब देखेंगे, गोजरबाईचे अडतवाले देखेंगे, हमारे साहब भी देखेंगे."

पट्टी आत ओढली गेली. आत समईजवळ पट्टी मांडीवर घेऊन श्रीपतराव बसले होते. डहाळ्याखाली रिकामी जागा होती. कारभारी डोळ्यांपुढं आला, लिंबाखालचे पक्षकार आले. मग रस्त्यावरची टोपडी आली.

पट्टी बाहेर आली. खाली तांबड्या दोऱ्यात झोकदार उर्दू सही होती. तारीखही घातली होती.

पुढचे पंधरा दिवस कठीण गेले. वकीलसाहेब कचेरीत भेटले, की उगीच खोकायचे. कुणी हसलं, की पेशकारांना वाटायचं, बातमी पोचली. 'आगे बढो' म्हणताना आवाज एक पायरी खाली उतरला, तर एक प्रतिवादी चक्क जागचा हलला नाही.

पौषातल्या एका गारठ्याच्या सकाळी कचेरी खच्चून भरली होती. अजमतअली साहेब आले. शेरवानीच्या गुंड्या सुट्या, आत बिनबाह्यांचा हिरवा स्वेटर, आणि स्वेटरभर डहाळा. खटला उभा राहणार एवढ्यात साहेब खुर्चीवरून उठले, शेरवानी उतरवून कारभाऱ्याच्या हातात दिली आणि श्रीपतरावांकडं पाठ केली.

"पेशकारसाहब, पीछे एक फंदा गिर गया है. बेगम बोले, घर आने तक सारा उधड़ जाएगा, कचहरी में ही दिखा लो. जरा देखना."

वकीलसाहेबांचा खोकला घशातच अडकला. श्रीपतरावांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. मग पगडीच्या पेचातून छत्रीची काडी ओढली, चष्मा पुसला आणि हुजुरांच्या पाठीवर वाकले. टाका चार ओळी खाली सुटला होता. एकेक ओळ वर घेत त्यांनी तो जागेवर आणला. कुणी हसलं नाही. तहसीलदार पाठ करून उभे असताना हसायचं कुणाकडं बघून?

"बस्स. बराबर झालं, हुजूर," पेशकार म्हणाले.

"शुक्रिया. उत्तम नमुना आहे हो तुमचा." साहेब बसले.

कारभारी शेरवानी धरून पुढं वाकला आणि कुजबुजला, "पेशकारसाहेब, आमच्या घरचीला एक मफलर शिकायचाय. ती बी बुधवारी आली तर चालंल का?"

"शरयूबाईंना विचार. तिथला दाखला त्या देतात," श्रीपतराव म्हणाले. काडी पगडीत खोचली, पहिली मिसल उचलली आणि छाती भरून श्वास घेतला.

"आगे बढो!"

वादी आला, प्रतिवादी आला, आणि लिंबाखालचा एकजण भाकर टाकून उभा राहिला.