रविवारी कोंबडेराव उडी मारत नाहीत

एका घरात तीन पुणेकर आणि एक व्हिडिओ गेम ठेवला, की किस्से आपोआप साठत जातात. "जर्मनीत काय केलंस?" असं कुणी विचारलं, तर मी पीएचडीवर दोन वाक्यं बोलतो आणि लगेच कोंबडेरावांवर घसरतो!

ड्रेस्डेनला मी, प्रसाद आणि केदार एकत्र राहायचो. आम्ही दोघं पीएचडीवाले, केदार कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यात इंजिनिअर. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. केदारने फ्लोमार्क्टमधून, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातून, आमच्या शाळकरी वयातला वाटावा असा एक गेम उचलून आणला. त्यात टोपीवाला कार्टून कोंबडा, म्हणजेच आमचे कोंबडेराव, उड्या मारत कोल्ह्याच्या तावडीतून पिल्लं सोडवायला जातो.

काय रंग होते! काय चित्रं! कोंबडा पडला की पिसं उडायची, दमला की टोपीने वारा घ्यायचा. प्रसाद म्हणाला, "आपल्या प्रोफेसरच्या चेहऱ्यावर एवढे भाव नाहीत रे!"

*

पण गेममध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती! बंद केला की पुन्हा पहिल्यापासून.

एकदा केदार शेवटच्या लेव्हलला पोचला. पॉज करून आम्ही खाली ब्रेड आणायला गेलो. परत येतो तर टीव्ही बंद, बटणं बंद, सगळं बंद! प्रसादच्या आई तेव्हा राहायला आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे, केव्हाचा एका पायावर उभा होता बिचारा. म्हटलं, निजू दे!"

केदार ब्रेडची पिशवी घेऊन तसाच टीव्हीसमोर बसला. काकूंनी त्याला शिरा करून घातला. पुढे रोज त्याच विचारायच्या, "आज कुठवर पोचलास रे?"

*

शेजारी हेर लेमान, म्हणजे लेमानसाहेब, राहायचे. निवृत्त, एकटे आणि नियमाचे पक्के. जर्मनीत रविवारी शांतता म्हणजे शांतता. काकूंना हे कुठलं ठाऊक? त्यांनी रविवारी सकाळी दाणे कुटायला घेतले. दारावर टकटक!

काकूंनी दारातल्या हेर लेमानच्या हातावर दाण्याचा लाडू ठेवला. त्यांनी तो उभ्यानेच, अगदी चवीने संपवला. आभार मानत "डांके" म्हणाले. मग म्हणाले, "पण आज रविवार आहे."

*

गेमची सगळ्यात मोठी खोट शेवटच्या दरीत होती. तिथे ढोल वाजतो आणि तिसऱ्या ठोक्याला उडी मारायची. पडद्यावर काही खूण नाही, सगळा कानांचा खेळ! संगीत झकास, पण केदारचा ठोका रोज चुकायचा. पडल्यावर एक रडका सूर वाजायचा, तो तर आम्हाला पाठ झाला होता.

*

केदारचं काम संपलं आणि पुण्याला परतायचा दिवस आला. रविवार! संध्याकाळची ट्रेन, बॅगा दाराशी. "शेवट न बघता मी जाणार नाही," म्हणत तो जेवण उरकून खेळायला बसला. आवाज अर्थातच पूर्ण बंद.

दरी आली. एकच जीव उरला होता. त्याने पॉज केलं. आमच्याकडे वळून म्हणाला, "ढोलाशिवाय उडी कशी मारू रे?"

तेवढ्यात टकटक! दारात हेर लेमान, पायात सपाता.

"आम्ही आवाजच केला नाही!" प्रसाद आधीच म्हणाला.

"गेनाऊ! अगदी बरोबर! तेच विचारायला आलो. रोज भिंतीतून ढोल ऐकतो, मग तो रडका सूर. आज एवढं शांत कसं?"

मी चाचरत केदारच्या ट्रेनचं सांगितलं. त्यांनी बॅगांकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. सरळ आत आले, रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. चांगलाच वाढवला!

केदारने पॉज काढला. धुम्... धुम्... धुम्!

"पडला नाही! पडला नाही!" काकूच आधी ओरडल्या. पडद्यावर पिल्लं नाचत होती आणि इकडे आम्ही. केदारने हेर लेमानना कडकडून मिठी मारली. ते खांबासारखे उभे.

मग त्यांनी शर्ट नीट केला आणि रिमोट केदारच्या हातात दिला.

"आल्झो, तर मग, अभिनंदन. आता आवाज कमी करा. आज रविवार आहे."