‘सिरियस’चा फोन

पुण्याला पहिल्यांदा निघाले, तेव्हा आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या बसस्टँडवर मी बाबांकडून एक वचन घेतलं. घरात कोणाला काही झालं तर मला खरं सांगायचं, ‘सिरियस’ म्हणायचं नाही. बाबा दशम्यांची पिशवी घेऊन खिडकीखाली उभे होते. हसले. म्हणाले, "मी शिरेस झालो तं मीच फोन करीन तुले." तेवढ्यात गाडी सुटली आणि पिशवी त्यांच्याच हातात राहिली.

हे वचन कशासाठी, ते आमच्या गावच्या, जऊळक्याच्या माणसांना सांगायला नको. आमच्याकडे माणूस गेला की लांबच्या लेकराला तसं फोनवर कळवत नाहीत. निदान प्रवास तरी धड व्हावा म्हणून ‘सिरियस आहे, निघ’ एवढंच सांगतात आणि त्याच्यासाठी अंत्यविधी थांबवतात. मी दहावीत असताना काका गेले. त्यांचा मुलगा संतोषदादा तेव्हा सुरतेला होता. त्याला फोन करायचं काम माझ्यावर आलं, कारण घरात न रडता बोलू शकणारी मीच होते. "काका शिरेस हायेत, लवकर ये," मी म्हणाले. दादा आला तो मोसंब्या घेऊन. अंगणात तिरडी बांधून तयार होती. तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुण्यात हा शब्द भलताच स्वस्त निघाला. चहात साखर कमी पडली तरी ऑफिसातल्या मुली ‘सिरियसली?’ म्हणतात. कोणी कोणाबद्दल ‘सिरियस’ असला की लग्नाचं बघायचं. सुरुवातीला मी दर वेळी दचकायचे, मग मीही तसंच बोलायला लागले. पण गावाकडचा नंबर अवेळी दिसला की उचलण्याआधी मी अजूनही घड्याळ बघते. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले, त्यांना हे माहीत असेल.

गेल्या श्रावणात भर दुपारी संतोषदादाचा फोन आला. तो आता गावीच असतो. "काका शिरेस हायेत. लवकर ये."

माझेच शब्द, फक्त आता काका म्हणजे माझे बाबा. बाबांना फोन दे म्हटलं, तर म्हणाला, त्यांना बोलता येत नाही. मी काय समजायचं ते समजले. एवढंच म्हणाले, "दादा, माह्यासाठी थांबू नका." तो काही बोलायच्या आत मी फोन बंद केला. खूप भ्याले होते.

संध्याकाळची ट्रॅव्हल्स मिळाली. बॅगेत पांढरा ड्रेस टाकला. प्रवासात कोणाला फोन केला नाही, आलेला उचलला नाही. सकाळी मालेगावला दादा मोटरसायकल घेऊन उभा होता. तो तोंड उघडणार तोच मी हात जोडले, काही सांगू नको म्हटलं. गाडी जऊळक्याला न जाता वाशीमच्या रस्त्याला लागली. वाशीमला जिल्ह्याचा सरकारी दवाखाना, म्हणजे शवविच्छेदन, दुसरं काय असणार. त्याच्या शर्टाला धरून मी बसले होते.

दवाखान्यात खाटेवर बाबा होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात निपचित, डोळे उघडे. दादाने मात्र खरं तेच सांगितलं होतं. माझा निरोपही त्याने बाबांना जसाच्या तसा दिला होता.

"थांबू नका म्हने," बाबा एकेक शब्द ओढत म्हणाले. "मी थांबलो."

आता ते काठी घेऊन दारापर्यंत जातात. दिलेलं वचन त्यांनी आपल्या पद्धतीने फिरवून घेतलं आहे. रोज सकाळी आठला स्वतः फोन करतात, बोबड्या आवाजात म्हणतात, "शिरेस नाही." बस, एवढंच. घर कुठे, असं कोणी विचारलं तर मी जऊळका सांगते, पण खरं घर म्हणजे ती आठची रिंग.

आज आठ वाजून वीस मिनिटं झाली. फोन समोरच ठेवला आहे. मी करू शकते, पण तिकडून दादाने उचलला तर?