नवरीची छाटणी

आमच्या समोरच्या जमनाबेनने मला फसवले. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण हकीकत ऐकता ऐकता काही मंडळींना वाटू लागते की चूक माझीच होती. आमच्या घरात तर ते सगळ्यांनाच वाटते.

मी मांडवीत तांब्यापितळेची भांडी विकतो. डभोईहून बडोद्यास आलो तेव्हा डोक्यावर घागरी घेऊन दारोदार हिंडत होतो. आज दुकान आहे, गादी आहे, तक्क्या आहे आणि तक्क्याला टेकायला सवड नाही. आजोबा फौजेत होते. त्यांची तलवार काकांकडे गेली, माझ्या वाट्याला त्यांचा राग आला. तो मी भाव करताना वापरतो.

अशा माणसाने थंडीत पहाटेचे उठून सरकारी बागेत गुलाबाची छाटणी शिकायला का जावे? मुलीसाठी. आमच्या इंदूला आबासाहेबांच्या मुलाचे स्थळ चालून आले होते. आबासाहेब न्यायखात्यातून निवृत्त झालेले, मुलगा हुजूर कचेरीत, घरात माणसे मोजकी आणि बोलणी गोड. असे स्थळ हातचे घालवणारा बाप बाप नव्हे. पण आबासाहेबांना झाडांचे वेड. त्यांनी निरोप धाडला, "बागेत मोठ्या माणसांसाठी थंडीचा वर्ग निघाला आहे. बागकाम शिकवतात, झाडेपाखरे ओळखायला शिकवतात. बापूरावांनाही येऊ द्या. माणूस झाडाशी कसा वागतो ते पाहिले की सोयरिकीचे ठरवायला बरे पडते."

महाराजांच्या राज्यात शिक्षण सक्तीचे होते, त्यामुळे मुलांची सुटका नाही हे मला ठाऊक होते. मोठ्यांचीही नाही, हे तेव्हा कळले.

वर्ग फुकट होता. मला फुकट गोष्टींची धास्ती वाटते, कारण ज्याला भाव नाही त्यात घासाघीस करता येत नाही. तरी मी केली. मास्तरांनी गुलाबाचे झाड दाखवून सांगितले, "थंडी लागली की जुने लाकूड काढायचे. दोन भाग कापा, एक ठेवा."

मी म्हणालो, "निम्म्यावर सोडा."

"बापूराव, हा गुलाब आहे."

"म्हणूनच म्हणतो. तुमचे नाही, माझे नाही, निम्म्यावर कापा आणि मोकळे व्हा."

सगळा वर्ग हसला. आबासाहेबही हसले, पण त्यांनी लगेच विचारले, "घरी झाडे कितीशी आहेत, बापूराव?"

घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या आमच्या घराला अंगण म्हणजे एक चटई पसरावी एवढे. त्यात एक तुळस. मी म्हणालो, "बागच आहे म्हणा."

"वा. मग पुढच्या वेळी घरची छाटणी कशी केलीत ते ऐकवा. नाही तरी द्वादशीला आम्ही तुमच्याकडे येतोच आहोत, तेव्हा डोळ्यांनीच पाहू."

द्वादशीला आमच्याकडे तुळशीचे लग्न असते. त्या निमित्ताने आबासाहेबांच्या घरच्यांनी यावे, इंदूला पाहावे आणि पसंत पडली तर तिथेच साखर वाटावी, असे ठरले होते. आमची सौ. चार दिवस आधीपासून घर सारवत होती.

द्वादशीच्या सकाळी मी कात्री घेऊन तुळशीपाशी बसलो. मास्तरांनी सांगितलेली सगळी लक्षणे तिच्यात होती. जुने लाकूड होते, वाळलेल्या मंजिऱ्या होत्या, एकमेकींत घुसलेल्या फांद्या होत्या. मी डावीकडून थोडे कापले. मग उजवी बाजू जड दिसू लागली. उजवीकडून कापले तर डावी जड. (मिशा कातरताना ज्यांचे असे झाले आहे त्यांना पुढचे सांगायला नको.) भान आले तेव्हा कुंडीत चार काड्या उभ्या होत्या आणि माझ्या मांडीवर नवरी पडली होती.

सौ. हळदीकुंकवाचे तबक घेऊन बाहेर आली. तिने काड्यांकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"अहो, आज हिचं लग्न आहे."

"छाटणी केली. जोमाने फुटेल."

"कधी फुटेल?"

"फाल्गुनात."

"आणि मुहूर्त संध्याकाळचा आहे. शिवाय आज द्वादशी. आज तुळशीचं पानसुद्धा तोडत नाहीत."

"पान कुठे तोडले? फांद्या कापल्या."

यावर ती खाली बसली. माझे बोलणे पटून ती बसली आहे, असे मला क्षणभर वाटले.

मी म्हणालो, "बाजारातून एक रोप आणतो."

"केवढं?"

मी हाताने वीतभर दाखवले.

"एवढ्याशा पोरीचं लग्न लावाल आबासाहेबांच्या देखत? बालविवाहाचा कायदा आहे संस्थानात. त्यांनी आयुष्यभर तेच खटले चालवले. सोयरीक राहिली बाजूला, दंड करतील." आणि मग तिचा आवाज खाली आला. "मुलगी बघायला यायचं आणि दारात अशी तुळस. काय म्हणतील हो? माझी इंदू."

तिथे माझा ताठा उतरला. इंदू माजघरात नवे लुगडे नेसत होती आणि काही तरी गुणगुणत होती. मी पगडी चढवली आणि समोरच्या घराकडे निघालो.

समोरच्या ओट्यावर जमनाबेनची तुळस होती. कमरेएवढी उंच, हिरवीगार, अंगावर चुनडी. जमनाबेन तिच्या शेजारी बसून बोरे निवडत होती. तिचे यजमान छोटाभाई बाजूच्या झोपाळ्यावर बसले होते. छोटाभाई बोलत नसत. बोलायचे खाते जमनाबेनकडे होते.

"जमनाबेन, तुमच्या तुळशीचे लग्न काल अगियारसलाच झाले असेल ना?"

"ना रे भाऊ. काल मुहूर्त सारुं नव्हता."

मला तिथेच संशय यायला हवा होता. अगियारसचा, म्हणजे कार्तिकी एकादशीचा, मुहूर्त चांगला नाही असे साऱ्या गुजरातेत कोणी कधी म्हटलेले नाही. पण माझे लक्ष त्या पानांवर होते. गरजवंत माणूस नाणे वाजवून घेत नाही, हे मी दुसऱ्यांना सांगत असतो.

मी सगळे सांगितले आणि म्हणालो, "आजच्या दिवसापुरती तुळस द्या."

"जुओ भाऊ, तुळशी माझी दीकरी, लेक माझी. तुमच्या दुकानातला लोटा नाही, की उचलला आणि दिला. दीकरी रीतीने जाते."

"रीत सांगा."

"वरघोडो काढा. वाजतगाजत वराला घेऊन या. लग्न माझ्या अंगणात."

"समोरासमोर दारे आहेत, बेन. वरात निघायच्या आधी पोचेल."

"म्हणून तर सगळ्या पोळला फेरा घालून या."

"निम्म्या."

"सगळ्या. आणि वाजंत्री पाहिजे. आणि वराला तुम्ही स्वतः डोक्यावर घ्यायचं."

"हातात घेतो."

"डोक्यावर. आणि ऊस, बोरं, प्रसाद तुमच्या घरचा. लग्न झालं की दीकरी सासरी येईल, पण सकाळी परत माहेरी पाठवायची. मला तिच्याशिवाय करमत नाही."

एवढ्या सगळ्याला मी हो म्हणालो. मांडवीत कोणी पाहिले असते तर मला दुकान बंद करावे लागले असते. जमनाबेनने शेवटचे बोर टोपलीत टाकले आणि म्हणाली, "चला, तुमच्यासाठी एवढं करते."

संध्याकाळी आबासाहेब, त्यांच्या पत्नी आणि मुलगा वेळेआधीच आले. अंगणात शिरताच आबासाहेबांची नजर कुंडीवर पालथ्या घातलेल्या टोपल्यावर गेली.

"टोपल्याखाली काय आहे?"

"छाटणी केली आहे. थंडी लागू नये म्हणून झाकले."

"मास्तरांनी झाकायचे कधी सांगितले?"

"तुम्ही पाखरे बघायला पुढे गेला होता तेव्हा."

आबासाहेबांनी मान डोलावली. इंदूने चहा आणला, त्यांच्या पत्नीने तिला जवळ बसवून घेतले, आणि मला वाटले, निभावले. मी सांगितले की बडोद्याची रीत म्हणून यंदा आम्ही आमच्या बाळकृष्णाची सोयरीक समोरच्या तुळशीशी केली आहे. आबासाहेबांना ते फार आवडले. "मग आम्हीही वऱ्हाडी," असे म्हणून सगळे कुटुंब वरातीत सामील झाले.

पुढे सनई आणि ताशा. मागे पगडीवर पितळी तबक, तबकात बाळकृष्ण, आणि खाली मी. पोळमधली सगळी दारे उघडली. लोकांनी माझ्या दुकानातले भाव आठवून आठवून हसून घेतले. फेरा पुरा करून मी घामाघूम होऊन जमनाबेनच्या दाराशी पोचलो. तिथे छोटाभाई हात जोडून उभे होते. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता, आणि त्या आनंदाच्या भरात ते बोलले.

"घणुं सारुं थयुं, फार बरं झालं, भाऊ, तुम्ही आलात. काल आमच्याकडे वरच नव्हता. दर वर्षी माझी भाभी वर म्हणून आपल्या देवघरातले ठाकोरजी देते, यंदा तिने आपल्या बहिणीला दिले. ही तर काल दिवसभर रडत होती, की दीकरी कुंवारी राहणार."

सनई थांबली होती, त्यामुळे सगळ्यांनी ऐकले. जमनाबेनने पदर पुढे ओढला.

म्हणजे तिला वर हवा होता! माझ्याइतकीच तीही अडली होती, आणि अडलेल्या बाईने मला डोक्यावर तबक देऊन सगळ्या पोळभर नाचवले होते. आजोबांचा राग पायापासून वर चढला आणि तबकाला जाऊन टेकला.

"वरात आत येणार नाही," मी म्हणालो.

सौ. कानाशी पुटपुटली, "अहो, आबासाहेब बघताहेत."

"बघू देत. मी वरपक्ष आहे. वरपक्षाचा काही मान असतो. आधी छोटाभाईंनी पोळच्या तोंडापर्यंत सामोरे यावे. आम्ही तिथे जाऊन पुन्हा येतो. मग माझे पाय धुवावेत."

"वराचे धुतात, भाऊ," जमनाबेन म्हणाली.

"वराच्या बापाचेही."

सौ. म्हणाली, "तुम्ही कधीपासून वसुदेव झालात?"

"तबक माझ्या डोक्यावर आहे. आज तरी मीच. पाणी कोमट पाहिजे, थंडी आहे. पाय खांद्यावरच्या उपरण्याने पुसावेत. पहिले पान माझे, आणि जमनाबेनने स्वतः आग्रह करून वाढावे. मी नाही म्हणालो तरी वाढावे. मुलीकडच्यांनी नम्र असावे लागते. जगाची रीत आहे ती."

सगळे घडले. घडवून घेतले मी. छोटाभाईंनी पाय धुतले, कोमट पाण्याने. जमनाबेन आग्रह करकरून वाढत होती आणि पदराआड हसत होती. मंगलाष्टके झाली, उसाच्या मांडवाखाली बाळकृष्णाच्या गळ्यात माळ पडली. पाठवणीच्या वेळी मात्र जमनाबेनचे डोळे खरेच भरून आले. "सांभाळून न्या हं, भाऊ," ती म्हणाली. मी कुंडी गड्याच्या हाती दिली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरली, चुनडी सावरली आणि पायाखाली बघत बघत घरी आणली. एक पान गळू दिले नाही.

आबासाहेब सगळा वेळ शांतपणे पाहत होते. निघताना म्हणाले, "मुलगी पसंत आहे. आणि बापूराव, वरपक्षाचे इतके हक्क असतात हे मला न्यायखात्यात राहूनही माहीत नव्हते. लक्षात ठेवतो."

साखर वाटण्याच्या गडबडीत शेवटच्या दोन शब्दांकडे मी लक्ष दिले नाही.

माघात इंदूचे लग्न होते. नवरदेवाची वरात पोळच्या तोंडाशी आली आणि थांबली. वाजंत्री वाजते आहे, पण घोडा हलत नाही. निरोप आला की वरपक्ष रुसला आहे. मी धावत गेलो.

"आबासाहेब, काय हवे ते सांगा."

"मला काय ठाऊक? आमच्यात असे काही मागत नाहीत. तुम्ही द्वादशीला जे मागितले होते तेच द्या. काय काय होते ते?"

मागे जमनाबेन उभी होती. (ती मुलीकडची, म्हणजे माझ्याच बाजूची!) तिने एकेक करून मोठ्याने सांगितले. सामोरे येणे झालेच होते. बाकीचे घरी.

घरी आबासाहेब पाटावर बसले, पाय परातीत. परात माझ्याच दुकानातली. मी तांब्या कलंडला.

"गार आहे," आबासाहेब म्हणाले.

"माघाची थंडी, आबासाहेब. कोमटाऐवजी साध्यावर भागवा. निदान उपरण्याऐवजी पंचा घ्या."

"माझी काहीच हरकत नाही. पण त्या दिवशी दाराशी जे गृहस्थ होते ते एक तसूही मागे सरले नाहीत. त्यांना विचारून पाहा."

पाणी तापवून आणले. मी उपरण्याने पाय पुसत असताना आबासाहेब खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "टोपले उचलून मी त्याच दिवशी पाहिले होते. चार काड्या होत्या. सोयरीक मोडायचे मनात आले होते. पण पाठवणीच्या वेळी ती कुंडी तुम्ही जशी घरी नेलीत, ते पाहून म्हटले, या माणसाची मुलगी आपल्या घरी येऊ द्या." आणि दुसरा पाय पुढे केला.

आता मला एवढेच म्हणायचे आहे की याचा जाब कोणी तरी द्यावा. आपल्याकडे वर नाही हे जमनाबेनने सकाळीच सांगितले असते, तर मी दाराशी रागावलो नसतो. रागावलो नसतो तर मागण्या केल्या नसत्या, आणि मागण्या केल्या नसत्या तर भर मांडवात सगळ्या मांडवीच्या देखत परातीपुढे बसलो नसतो. मी जमनाबेनला विचारतो, ती बोरे पुढे करते. आबासाहेबांना विचारतो, ते हसतात. सौ. म्हणते, "ज्याने कोमट पाणी मागितलं त्यालाच विचारा." त्यालाही विचारायला आरशापुढे गेलो होतो. तो माझ्यावरच ओरडतो.