वाकडीचं बारसं

आमच्या शेजारणीचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझ्या आईच्या नावाचं तिने जे केलं, त्यानंतर तिचं नाव छापून तिचा मान वाढवायची मला हौस नाही. नावाचा अर्थ मात्र सांगेन, चांगला सविस्तर सांगेन.

आईचं माहेरचं नाव एका नदीचं. लग्नात रिवाजाप्रमाणे वडिलांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं आणि नदी माहेरीच राहिली. पुढे वडिलांना ब्रिस्टलच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली, तेव्हा आईचा पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघाला. त्यामुळे इंग्लंडमध्ये पोस्टातली बाई, लायब्ररीतली बाई, डॉक्टरच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, सगळ्या तिला जुन्याच नावाने हाक मारू लागल्या. उच्चार धड एकीचाही नव्हता, पण आई दरवेळी खुशीने ओ द्यायची. वडील काय, 'अगं'वरच भागवायचे. "बाकीच्यांना इथे येऊन पौंड मिळाले," आई म्हणायची, "मला माझं नाव मिळालं."

शेजारीण पन्नाशीची, मोकळ्या करड्या केसांची. ती स्वतःला पेगन म्हणवायची, म्हणजे ख्रिस्ताच्या आधीचे देव मानणारी. जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवशी ती मागच्या बागेत शेकोटी पेटवून भोवती नाचायची. जन्माचं साधं इंग्रजी नाव टाकून तिने एका वेल्श देवीचं नाव घेतलं होतं. ही देवी मोठ्या हंड्यात ज्ञानाचा काढा उकळते. नावाचा अर्थ 'मंगल काव्य', असं ती पोस्टमनलाही थांबवून सांगायची. आईला तिचं कौतुक होतं. "बघ, हिने आपल्या मनाने नाव बदललं, कुणी ताट पुढे केलं नाही," ती मला म्हणायची.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, मी चौदा वर्षांची असताना, ही बाई कुंपणापाशी एक काळं पिल्लू घेऊन आली. कुत्री होती. "मी हिला तुझंच नाव दिलंय," ती आईला म्हणाली. "सो एन्शंट, डार्लिंग. नदीची देवी. म्हणजे तूही आमच्यासारखी पेगनच."

आई हसली. दुसरं काय करणार होती?

त्या संध्याकाळपासून कुंपणापलीकडून सुरू झालं. अमकी, बॅड गर्ल. अमकी, कार्पेटवर पुन्हा? अमकी, गेट डाउन. 'अमकी'च्या जागी माझ्या आईचं नाव घालून वाचा. प्रत्येक हाकेला आईचा सिंकमधला हात थांबायचा आणि मग पुन्हा चालू व्हायचा. वडील म्हणाले, "सोड गं, तिने कौतुकाने ठेवलंय." त्यांना बोलायला काय जातंय? त्यांचं नाव कुणी कुत्र्याला ठेवलं नव्हतं.

पुढे एकदा डाळी-मसाले आणायला आम्ही लंडनमधल्या वेम्बलीला गेलो. दुकानात एक मराठी बाई भेटल्या. त्यांनी आईला नाव विचारलं, तर आईने तांदळातलं नाव सांगितलं. मी चमकून तिच्याकडे बघितलं. ती कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करत राहिली. सात समुद्र ओलांडून मिळवलेलं नाव तिने एका कुत्रीसाठी सोडून दिलं होतं. माझं डोकं सणकलं. या शेजारणीला धडा शिकवल्याशिवाय मी राहणार नव्हते.

शाळेच्या लायब्ररीत केल्टिक, म्हणजे वेल्श, आयरिश, स्कॉटिश नावांवरचं एक जाड पुस्तक होतं. ते वाचताना सुडाची चव पहिल्यांदा जिभेला लागली. कॅमरन म्हणजे वाकडं नाक. डूगल म्हणजे काळा परका. कीरन म्हणजे छोटा काळ्या, आणि मला रंगावरून चिडवणाऱ्या वर्गातल्या मुलाचं नाव नेमकं कीरन होतं. पुढे ती हंडेवाली देवी सापडली. 'मंगल काव्य' हा अर्थ होताच, पण खाली लिहिलं होतं की काही पंडित नावाची फोड निराळी करतात. त्यांच्या मते अर्थ होतो, वाकडी बाई.

मी तडक शेजारणीच्या दारात गेले आणि तिला तो अर्थ ऐकवला. ती टाळी वाजवून म्हणाली, "बेंट! चंद्रकोरीसारखी! हाउ लव्हली." मी रडकुंडीला येऊन घरी परतले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला रागावता येतं, सूड घेता येत नाही. काय म्हणालीस अर्थ? वाकडी?"

दुसऱ्या दिवशी आईने गरम पोळीला तूप लावलं आणि कुंपणाच्या मोडक्या फळीपाशी जाऊन बसली. कुत्री फटीतून आत आली. आईने तिचा कान वर उचलला, बारशाला आत्या करते तसं "कुर्रर्र" केलं आणि कानात म्हणाली, "वाकडे." बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, म्हणून मीही आईला दोन घातले. ती इतकी हसली की पोळी गवतात पडली.

मग रोज शेजारीण कामावर गेली की "वाकडे" अशी हाक आणि तूप-पोळी. आईच्या नावाने कुत्रीला घरी फक्त ओरडा मिळायचा. महिन्याभरात ती त्या नावाला कानही हलवेना. आता शेजारणीने हाक मारली की कुत्री जागची हलत नसे. आईच हात पुसत कुंपणापाशी जायची. "येस? यू कॉल्ड मी?" बाई आधी हसली, मग सॉरी म्हणाली, मग हाका हळू मारू लागली. आईचे कान तिखट. ती प्रत्येक हाकेला गेली, ताटावरून उठूनसुद्धा गेली.

शेवटी बाई शरण आली. "तू हाक मारलीस की ती धावत येते," ती म्हणाली. "काय म्हणतेस तिला?"

"वाकडे," आई म्हणाली. "व्हेरी ओल्ड नेम. देवीचं."

"ओह, लव्हली!"

त्यानंतर मी युनिव्हर्सिटीतून सुट्टीला आले की बागेतून ऐकू यायचं. वाकडे, बॅड गर्ल. वाकडे, यू डर्टी थिंग. आई शांतपणे भांडी घासत असायची. वेम्बलीत ती आता नदीचं नाव सांगायची, तेही कुणी विचारायच्या आधी.

नव्वदच्या दशकात कुत्री म्हातारी होऊन मेली. तिला बागेत पुरून वर दगड ठेवायचा होता, म्हणून शेजारीण नावाचं स्पेलिंग विचारायला आली. डोळे सुजलेले होते. "आणि अर्थ? कोणत्या देवीचं नाव?" मला वाटलं, आई आता काहीतरी गोड थाप मारेल.

"तुझ्याच," आई इंग्रजीत म्हणाली. "तुझ्या नावाचा मराठी अर्थ आहे तो. वाकडी."

बाईचा चेहरा लाल झाला. चंद्रकोर वगैरे काही आठवली नाही तिला. "इतकी वर्षं तू मला हे ओरडू दिलंस? माझ्याच नावाने, माझ्याच कुत्र्यावर?"

"मी नाही ऐकलं माझं?" आईने विचारलं.

ती वळून गेली. दगड तिने ठेवला, पण त्यावर नाव काही कोरलं नाही. मला तेव्हा तिची दया आली नव्हती, आजही येत नाही.