‘दिवाळीनंतर येईल,’ असं मी म्हणाले

हे मी कुणाजवळ कबूल केलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, अम्मीजवळ नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

मी शहाद्याची. अब्बांचं गाद्या भरायचं दुकान आहे. बीए झाल्यावर मला एका संशोधन संस्थेत काम लागलं. पुण्यातली शिकलेली माणसं अभ्यास आखायची आणि आम्ही धडगावच्या वरच्या पाड्यांवर जाऊन फॉर्म भरायचो. दिवाळी झाली की तिथले आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलंही त्यांच्याबरोबर जातात आणि शाळा सुटते. म्हणून काही गावांत संस्थेनं शाळेच्या खोलीतच मुलांना ठेवून घ्यायचं केंद्र काढलं होतं. दोन वेळचं जेवण, अंथरूण, सांभाळायला गावातलंच एक जोडपं. आणि काही गावांत मुद्दामच काही काढलं नव्हतं. तिथे फक्त विचारायचं — दोन्हींत फरक किती पडतो ते कळावं म्हणून.

माझ्याकडे ती दुसरी गावं होती. एकदा आमच्या जीपवाल्यानं विचारलं, “ह्या गावले काय भेटस, ताई?” मी म्हणाले, प्रश्न. तो हसला. मीही हसले.

मी अजून मूळ गोष्टीपाशी आलेले नाही, हे मला कळतंय.

रायलीबाई तिथल्याच एका पाड्यावरची. मराठी ती उसाच्या फडात शिकलेली — मोडकी, पण आमचं भागायचं. तिची थोरली मुलगी अंजना तेव्हा चौथीत होती. दर वर्षी आईबापाबरोबर जायची, तान्ह्या भावंडाला सांभाळायला. हुशार होती का? माहीत नाही, फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता. एवढं आठवतं की मी लिहीत असले की ती माझ्या मागे उभी राहून छापलेले शब्द पुटपुटत वाचायची.

तिसऱ्या वर्षी फॉर्म अर्धा झाला आणि रायलीबाई उठली. “दर साल विचारते. देत काय नाय,” म्हणाली आणि विळा घेऊन निघाली. एकही घर गळता कामा नये असं आम्हाला वरून बजावलेलं होतं. हे कारण मी पुढे करू शकते. पण खरं कारण ते नव्हतंच. संध्याकाळची शेवटची जीप निघायची होती, दुसऱ्या दिवशी बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, आणि मला घरी जायचं होतं. एवढंच.

मी म्हणाले, “बाई, या वर्षी तुमच्याकडेही केंद्र होणार. दिवाळीनंतर येईल.”

ती थांबली. “पक्कं?”

“पक्कं.”

ती परत बसली. उरलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिनं दिली, आधीपेक्षा जास्त मन लावून. केंद्र कुठल्या गावांत होणार याची यादी माझ्याच पिशवीत होती. तिच्या गावाचं नाव त्यात नव्हतं, पुढेही येणार नव्हतं. हे मला माहीत होतं. मग माझा आवाज इतका सहज कसा निघाला? जीपमध्ये बसल्यावर तर मी ते विसरूनही गेले.

त्या वर्षी रायलीबाई आणि तिचा नवरा तान्ह्याला घेऊन गेले. अंजनाला आजीजवळ ठेवलं. म्हातारीला धड दिसत नव्हतं, पण चार दिवसांचाच प्रश्न होता ना — केंद्र उघडेपर्यंत. पुढचं मला तिथल्या गुरुजींनी सांगितलं. पोरगी रोज शाळेत येऊन विचारायची, केंद्र कधी? गुरुजींना काहीच ठाऊक नव्हतं. मग ती यायची बंद झाली. घरी भाकरी तीच करायची. एक दिवस पातेलं उतरवताना चुलीवरच कोसळली. उजवा हात भाजला. म्हातारीनं पाला बांधला. पाडा रिकामा, घाट उतरून धडगावला न्यायला माणूस मिळेपर्यंत आठवडा गेला. बोटं एकमेकांना चिकटली ती तशीच राहिली.

होळीनंतर मी पुढच्या फेरीला गेले, तेव्हा हे ऐकलं. रायलीबाईनं खाट टाकली, पाणी दिलं. अंजना आतून बाहेर आली नाही. मग बाईनं विचारलं, “ताई, केंद्र का नाय आलं?”

तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी म्हणाले, “वरून मंजूर झालं नाही.”

“तू काय करशील,” ती म्हणाली. “तू तर विचारणारी.”

मग मी विचारलं. मुलगी शाळेत जाते का? नाही. शाळा सुटण्याचं कारण — घरकाम, स्थलांतर, लग्न, आवड नाही, इतर. ‘इतर’वर खूण केली तर खाली एक ओळ लिहावी लागते. मी ‘घरकाम’वर खूण केली.

पुढे नंदुरबारला अधिकाऱ्यांसमोर अहवाल मांडला. केंद्र असलेल्या गावांत मुली टिकल्या, नसलेल्या गावांत गळाल्या, असं पडद्यावर दिसत होतं. तो फरक मराठीत समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. त्या फरकात अंजना होती. मी नसते, तर ती नेहमीसारखी उसाच्या फडात गेली असती — शाळा तशीही बुडालीच असती म्हणा. पण तिचा हात? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघितलं नाही, समोर बघत राहिले.

आता मी संस्थेत फॉर्म भरायला येणाऱ्या नव्या मुलींना शिकवते. पहिल्याच दिवशी सांगते, कुणालाही काही कबूल करू नका. कशाला, असं कुणी विचारलं तर हीच गोष्ट सांगते — एक ताई होती, तिनं असं केलं. नाव सांगत नाही. गेल्या महिन्यात मागच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, “मॅडम, त्या ताईंचं पुढे काय झालं?”

मी म्हणाले, “कामावरून काढलं तिला.” मुलींनी ते वहीत लिहून घेतलं.

कुणी काढलं नाही. त्या अहवालानंतर संस्थेनं मला कायम केलं. रायलीबाईच्या पाड्यावर मी पुन्हा गेलेले नाही.