विसाव्या सालची खळ

मुराकामी गावात साकुझो ओताकीची ओळख तोंडापेक्षा ठोक्यांनी जास्त होती. थंडीत घरोघरच्या वळचणीला मीठ चोळलेले सॅमन मासे उलटे टांगलेले असत. त्यांच्याखालून जाणाऱ्याला आतून ठक् ठक् ऐकू आलं, की ओताकी आज कुठल्यातरी चित्राला अस्तर लावतोय हे कळे. माणूस समोर आला तर मात्र दोन शब्दांवर तिसरा बोलायचा नाही.

चित्रं तो काढत नसे. दुसऱ्यांनी काढलेले बगळे, मासे, माकडं आणि पिवळी पडलेली शेवंती त्याच्याकडे येत. तो त्यांना मागून कागदाची तीन अस्तरं लावी, कडेने रेशीम जोडी, वर पट्टी नि खाली दांडी बसवी. मग ते चित्र भिंतीवर टांगता येई आणि ऋतू सरला की गुंडाळून पेटीत ठेवता येई. चित्रकाराचा लाल शिक्का कोपऱ्यात दिसतो. खळ लावणाऱ्याचं नाव कुठेच दिसत नाही, आणि ते ओताकीला रास्तच वाटे. गुरूंनी त्याला एकच गोष्ट पाठ करून घेतली होती: आपलं काम असं हवं, की शंभर वर्षांनी येणाऱ्या कारागिराला ते चित्राला न दुखवता सोडवता यावं.

त्यासाठी लागते जुनी खळ. चित्राला लागून असलेल्या पहिल्या अस्तराला ताजी चालते, पण वरच्या दोन अस्तरांना ताजी लावली तर गुंडाळी कडक होते, उलगडताना चित्राला भेगा जातात. म्हणून दर वर्षी पंचांगातल्या मोठ्या थंडीच्या दिवशी, जानेवारीच्या वीस तारखेच्या सुमारास, ओताकी आणि त्याची बायको तोमी गव्हाचा चीक शिजवत, मडक्यात भरत, वर पाणी ओतून मडकं जमिनीच्या फळ्यांखाली थंडाव्यात ठेवत. कुरडयांसाठी काढतात तसाच चीक, फक्त तो खायचा नसतो. दहा वर्षांत तो आंबतो, त्याचा जोर जातो, आणि उरते ती नरम, हळू धरणारी खळ. ती इतकी हळू धरते, की अस्तर बसवायला वरून जड कुंच्याने ठोकावं लागतं. रस्त्यावर ऐकू येत ते ठोके हेच.

मडकी ओळीने असत, प्रत्येकावर सालाची चिठ्ठी. दर मोठ्या थंडीला नवं मडकं भरायचं, दहा वर्षांचं उघडायचं आणि बाकीच्यांवरची बुरशी काढून पाणी बदलायचं. पाणी बदलायचं काम तोमीचं. फक्त एका मडक्याचं पाणी ती बदलत नसे. शोवा वीस, म्हणजे त्या वेळच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं विसावं साल, अशी चिठ्ठी असलेल्या त्या मडक्याचं पाणी नवऱ्याने बदलायचं, असं कुणी न ठरवता ठरलं होतं. नऊ वर्षं तो मुकाट्याने ते करत आला होता.

विसावं साल म्हणजे युद्धाचं शेवटचं साल. त्या हिवाळ्यात गावात भाताच्या पेजेत भात शोधावा लागे. आजूबाजूचे सगळे कारागीर एकतर सैन्यात गेले होते किंवा लाकूड तोडायला. ओताकीचा एक पाय अधू होता म्हणून तो राहिला. रेशीम नव्हतं, कागद नव्हता, पण एका देवळाच्या पुजाऱ्याने जुन्या कामाची आठवण ठेवून त्याला एक पिशवी गव्हाचं पीठ आणून दिलं. मोठ्या थंडीला चार दिवस होते. तोमीने पिशवीला हात लावून पाहिला आणि विचारलं, "निम्मं मला द्याल का? नात्सूसाठी."

नात्सू त्यांची एकुलती एक मुलगी, सहा वर्षांची. तेव्हा दुकानात कुमाकुरा या दारूवाल्या घराण्याचं एक चित्र पडून होतं: बर्फाने वाकलेली बांबूची फांदी आणि तिच्यावर अंग फुगवून बसलेल्या तीन चिमण्या. नात्सू रोज त्या चित्रापाशी बसे. एकदा तिने विचारलं होतं, या एवढ्या जाड कशा, यांना कोण खायला देतं? ओताकीने खरं ते सांगितलं. त्या जाड नाहीत, थंडी वाजतेय म्हणून पिसं फुगवलीयत, आत चिमणी तेवढीशीच असते. त्यानंतर नात्सू आईचं कापूस भरलेलं जाकीट अंगावर घेऊन, हात पोटाशी धरून चित्राखाली बसायची आणि म्हणायची, "बाबा, मी पण फुगलेय."

निम्मं पीठ मागणाऱ्या बायकोला ओताकी म्हणाला, "खळ अर्धी होत नाही."

त्याच्या मते ते चूक नव्हतं. गुरूंच्या गुरूंपासून एकही साल चुकलं नव्हतं. ओळीतलं एक मडकं रिकामं राहिलं, तर दहा वर्षांनी कुणाच्या तरी चित्राचा जीव जाणार, असं त्याला मनापासून वाटत होतं. अशी चूक त्या धंद्यातलाच माणूस करू जाणे. घरातलं पोर डोळ्यांसमोर असतं, आणि याला दहा वर्षांनंतरची भेग दिसते. त्याने पिठाचा चीक काढला, सगळाच्या सगळा शिजवला आणि मडकं भरलं. नात्सू मार्चमध्ये न्यूमोनियाने गेली. डॉक्टर म्हणाले, पिशवीभर पिठाने काही फरक पडला नसता. ओताकीने ते वाक्य दहा वर्षं गाठीला बांधून ठेवलं. तोमीने त्यावर कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. चित्र त्याने कुमाकुरांकडे परत पाठवलं, नवं अस्तर न लावताच.

तिसाव्या सालच्या जानेवारीत तेच चित्र परत आलं. कुमाकुरांच्या सेत्सुबाई, वय ऐंशीच्या पुढे, बर्फातून स्वतः घेऊन आल्या. गुंडाळी पार खिळखिळी झाली होती, मागचा कागद पापुद्र्यासारखा सुटत होता. चहा घेता घेता त्या म्हणाल्या, या वर्षी हे भिंतीवर बघायचंय, पुढच्या वर्षाचा माझा भरवसा नाही. त्यातही घाई होती. बर्फ वितळल्यावर बर्फातल्या चिमण्या टांगणं म्हणजे उन्हाळ्यात शेकोटी पेटवणं. गावात असं कुणी करत नाही.

"पोट भरलेल्या चिमण्या बघितल्या की घर भरल्यासारखं वाटतं हो, ओताकी-सान," सेत्सुबाई म्हणाल्या.

ओताकीने त्यांना दुरुस्त केलं नाही. चित्र ठेवून घेतलं. जुना कागद सोडवून पहिलं अस्तर ताज्या खळीने लावून वाळवलं. पुढच्या दोन अस्तरांना जुनी खळ हवी होती, आणि एकोणिसाव्या सालचं मडकं शरदात एका लांबलचक चित्रावर संपलं होतं. आता पिकलेलं मडकं एकच होतं.

मोठ्या थंडीच्या सकाळी दोघांनी नेहमीप्रमाणे नवा चीक शिजवला. घोटून घोटून ओताकीचे खांदे भरून आले. मग तोमी फळ्या उचलून खाली उतरली आणि एकेका मडक्याचं पाणी बदलून वर आली. नवरा चुलीपाशीच बसून होता. विसाव्या सालचं पाणी बदलायला तो उठला नाही. तिथूनच म्हणाला, सेत्सुबाईंना निरोप पाठवू, या वर्षी जमत नाही म्हणून. तोमीने विचारलं, खळ तर आहे ना? ती नाही वापरायची, तो म्हणाला. मग काय करायचं तिचं? फेकता येत नव्हती आणि चित्राला लावताही येत नव्हती. नऊ वर्षं पाणी बदलून त्याने ती नेमकी कशासाठी जपली, हे त्याने स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

तोमी परत खाली उतरली. या वेळी तिने ते मडकं कमरेवर घेऊन वर आणलं आणि फळीवर ठेवलं. चिठ्ठीवरची अक्षरं ओताकीचीच होती, तरुणपणीची, ठसठशीत. तिने झाकण काढलं, पाणी ओतून दिलं, वरचा काळा-हिरवा थर लाकडी पळीने खरवडला. खाली खळ होती, जुन्या हाडाच्या रंगाची. घरभर आंबूस वास सुटला. ओताकीला वाटलं, ही आता रडेल, किंवा दहा वर्षांचं सगळं एकदम बोलेल, आणि ती बोलली तर बरं होईल असंही त्याला वाटलं. तोमीने बोट बुडवून खळ जिभेवर ठेवली.

"चव नाही हो हिला काही," ती म्हणाली.

मग तिने फडताळातून दोन मोठ्या वाट्या आणल्या, सारख्याच, निळ्या काठाच्या. पळीने एक एक करत खळ वाढली, एक पळी या वाटीत, एक त्या वाटीत, मडकं पुसून निघेपर्यंत. पोरांना वाढताना भांडण नको म्हणून आया बघतात तशा तिने दोन्ही वाट्या डोळ्यांसमोर धरून बघितल्या. एक वाटी ती आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथे देव्हाऱ्यात नात्सूच्या नावाची पाटी होती. वाटी पाटीपुढे ठेवून तिने घंटी वाजवली, हात जोडले आणि बराच वेळ तशीच बसली. परत येऊन तिने दुसरी वाटी नवऱ्यापुढे सरकवली.

"अर्धी झाली बघा," ती म्हणाली.

ओताकीने मान खाली घातली ती वर केली नाही. तोमीने तिथून उठून कामाच्या पाटावर चित्र पालथं घातलं, कागद ओला केला आणि कुंचा त्याच्या हातात दिला. तो कामाला लागला. घोड्याच्या केसांच्या चाळणीतून खळ गाळली, पाण्यात फेटली आणि दुसरं अस्तर बसवलं. ते वाळायला दहा दिवस गेले. मग रेशीम जोडलं आणि तिसरं अस्तर लावलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांना ठोके ऐकू येत होते, नेहमीपेक्षा हळू आणि मध्येच थांबणारे. गाळलेली खळ तो मोजून मापून घेत होता, पुरणार नाही या भीतीने. आत देव्हाऱ्यापुढे नात्सूची वाटी तशीच होती, तिला हात लावायची पाळी येऊ नये म्हणून तो मनातल्या मनात नात्सूची माफी मागत होता.

फेब्रुवारीत बर्फ असतानाच चिमण्या सेत्सुबाईंच्या भिंतीवर गेल्या. ओताकी स्वतः टांगून आला. घरी येऊन हात धुतले आणि पाटाखालची आपली वाटी काढून धुवायला घेतली.

निम्म्या खळीत सगळं काम होऊनही तिच्या तळाशी अजून दोन बोटं खळ उरली होती.