सगळ्यांना पुरेल असं टेबल

घरात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. सासूबाईंची थोरली सून म्हणून ती थोरली. गंमत म्हणजे धाकटी यायला अजून आठ वर्षं होती, तेव्हापासून ती थोरलीच होती.

थोरलीचं म्हणणं साधं होतं. देवाने भूक दिली ती सगळ्यांना सारखीच दिली, मग जेवायच्या पाळ्या कशाला? जेवणाचं टेबल होतं काचेचं, चौघांचं. आधी नवरा, दीर आणि मुलगी बसायची. ती तिघं उठली की काच पुसून सासूबाई. शेवटी थोरली आणि धाकटी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, पातेल्यात उरलं असेल ते. टेबलाच्या चौथ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची रास आणि तिच्यावर दिराचं हेल्मेट. हेल्मेटला जागा होती.

विषय निघाला की नवऱ्याचं उत्तर ठरलेलं. "टेबल लहान आहे गं. मोठं असतं तर सगळे एकदमच नसतो का बसलो?"

माणूस वाईट नव्हता. बोलून मोकळा व्हायचा आणि बोललेलं विसरून जायचा. थोरली विसरत नसे, पण गप्प बसत असे.

ते गप्प बसणं एका दुपारी संपलं. मुलीची शाळा त्याच वर्षी संपली होती. वडील आणि काका जेवायला बसले, आणि मुलगी आपलं ताट उचलून सरळ स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून उभी राहिली.

"अगं, तू तिकडे बस की," धाकटी म्हणाली.

"आता मी मोठी झाले ना, काकू," मुलगी हसत म्हणाली. "तुमच्या कंपनीत भरती."

धाकटी हसली. थोरलीने हातातला डाव पातेल्यात ठेवून दिला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी रागावलं नव्हतं. पोर नुसतं बघून बघून शिकली होती. देवा, हे मात्र मी पुढे जाऊ देणार नाही, असं थोरली मनात म्हणाली. त्या घरात मनातलं बोलायला तिला तोच एक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं आटोपून ती जुन्या सामानाच्या गल्लीत गेली. नवीन टेबल आणायची ऐपत नव्हती, आणि विचारून आणायची हौस तर मुळीच नव्हती. गल्लीत दोन्ही बाजूंना दुकानं ओसंडून वाहत होती. वेत फाटलेल्या खुर्च्या, डाग पडलेले आरसे, एकमेकांशी पटत नसल्यासारखी वेगवेगळ्या वेळा दाखवणारी घड्याळं.

"या ताई," एका दुकानदाराने एका नाजूक टेबलावरची धूळ झटकली. "हे बघा. खास व्हिंटेज."

"म्हणजे जुनंच ना?"

"जुनं म्हटलं की गिऱ्हाईक भाव पाडतं, ताई. व्हिंटेज म्हटलं की घासाघीस करायची लाज वाटते."

"मग मला जुनंच दाखवा."

दुकानदार मनापासून हसला आणि तिला मागच्या अंगणात घेऊन गेला. तिथे भिंतीला लागून एक लांबलचक सागवानी टेबल होतं, सोबत दोन बाकं. कुठल्याशा वसतिगृहातून आलेलं. वर गरम भांड्यांची काळी वर्तुळं, कडेला कोणीतरी चाकूने कोरलेली होडी. थोरली खाली वाकली. भुसा पडलाय का ते पाहिलं, नखाने लाकूड दाबलं, वाळवीचा वास येतो का म्हणून नाकही लावलं. मग उठून बुक्की मारली. टेबल ढिम्म.

"याच्यावर पोरं जेवलीत," दुकानदार म्हणाला, "नुसती फुलदाणी ठेवायचं टेबल नव्हे हे."

"माझ्याकडे काचेचं आहे, चार खुर्च्यांसकट. बदल्यात घ्याल?"

"काचेला गिऱ्हाईक लगेच मिळतं. पण ताई, घरी विचारलंत ना?"

"वीस वर्षं विचारतेय," थोरली म्हणाली. "हातगाडी कधी पाठवता?"

दुपारी हातगाडी आली. काचेचं टेबल गेलं, सागवानी आलं. दारातून आत यावं म्हणून हमालांनी त्याचे चारही पाय खाचांमधून काढले होते. सासूबाई खाटेवर बसून सगळं पाहत होत्या.

"कोणाकोणाचं उष्टं सांडलंय त्यावर देव जाणे! परक्या घरची पीडा आणलीस तू, थोरले."

"अहो आई, लाकडातून पीडा येत असती तर सुताराचं घर कधीच बसलं असतं."

पण उष्ट्याचं मात्र थोरलीच्या मनाने घेतलं. घरात आलेली वस्तू धुतल्याशिवाय वापरायची नाही, हा तिचा नेम. ती दुकानातून निघताना दुकानदाराने बजावलं होतं, ओल्या फडक्याने पुसा, बास. तिला ते पटलं नाही. वरची फळी तिने फडक्यानेच पुसली, पण चारही पाय टबात गरम पाण्यात भिजत घातले, चादरी घालाव्यात तसे, आणि तासाभराने घासून लखलखीत केले.

संध्याकाळी पाय बसवायला गेली, तर एकही खाचेत जाईना. लाकूड फुगलं होतं. धाकटीने जोर लावला, मुलीने वरवंटा आणून ठोकून पाहिलं. पाय आत शिरायला तयार नव्हते. आणि तेवढ्यात नवरा आणि दीर घरी आले.

खोलीच्या मधोमध एक भलीमोठी फळी, भिंतीशी चार ओले पाय, आणि काचेचं टेबल गायब.

"वहिनी," दीर म्हणाला, "अंघोळ घातलीत ती ठीक, पण पावडर लावायची राहिली."

नवरा हसला नाही. "काचेचं कुठाय?"

"दिलं. हे घेतलं. तुम्हीच म्हणत होता ना, टेबल लहान आहे म्हणून."

"अगं, बोलण्याची एक पद्धत असते! लगेच काय बाजारात जायचं? आणि याला तर पायच नाहीत. उद्याच्या उद्या ते परत आण. हसं झालंय नुसतं."

चूक झाली होती, हे थोरलीला कळत होतं. सगळे तिच्याकडे बघत होते, मुलगीसुद्धा. आत्ता मान खाली घातली तर उद्या सकाळी काच परत येईल, आणि पोरगी जन्मभर ओट्याशी उभी राहील.

"पाय मी बिघडवले," ती म्हणाली. "वाळतील दोन-चार दिवसांत, नाही वाळले तर सुताराकडून तासून घेईन. पण टेबल जाणार नाही. धाकटे, ते टोक धर."

दोघींनी दोन बाकं समोरासमोर ठेवून त्यांच्यावर फळी आडवी टाकली. खाली सतरंजी अंथरली. थोरलीने भाताचं पातेलं, रश्श्याचं भांडं, पाण्याचा तांब्या, सगळं मधोमध आणून ठेवलं आणि सहा ताटं मांडली. एकदम सहा. मग ती स्वतः आधी बसली. मुलीला हाताला धरून शेजारी बसवलं. धाकटीने एकदा आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, एकदा भाताकडे, आणि ती भाताच्या बाजूला बसली.

"मी नाही बसणार या तमाशात," म्हणून नवऱ्याने आपलं ताट उचललं आणि तो सोफ्यावर गेला. दीर मध्येच घुटमळला. भूक मोठी की भाऊ मोठा, ते ठरायला त्याला फार वेळ लागला नाही.

सासूबाई खाटेवरून हलल्या नव्हत्या. थोरलीला वाटलं, आता बोलतील. त्या उठल्या, बुटकं स्टूल पायाने सरकवत आणलं आणि धाकटीला म्हणाल्या, "सरक गं. मला भिंतीला टेकायला लागतं."

जेवण सुरू झालं. थोड्या वेळाने सोफ्यावरून आवाज आला, "अगं, भात."

मुलगी सवयीने उठायला लागली. थोरलीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस."

"भात, म्हटलं!"

"इथे आहे," थोरली म्हणाली. "पातेलं जड आहे, तिकडे येत नाही."

दिराने रस्सा उगीचच ढवळला. शेवटी सोफा करकरला. नवरा आला, भात वाढून घेतला आणि ताठ मानेने परत गेला. मग रश्श्यासाठी आला आणि परत गेला. मग मिठासाठी आला.

"अरे, बस एकदाचा," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या येरझाऱ्यांनी माझा घास अडकतोय."

तो बसला. आई आणि भावाच्या मधे, अंग चोरून, चेहरा फुगलेला. "उद्या बोलू आपण," तो बायकोला म्हणाला.

"बोलू," थोरली म्हणाली, आणि तिने मान वर केली नाही. ताटात भात गरम होता. कितीतरी वर्षांत तिला तो असा मिळाला नव्हता, आणि तिचं जेवण अजून व्हायचं होतं.